कपाटाची किल्ली कुणाकडे?
बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुली आणि त्यांची कागदपत्रं

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कागदपत्रांची जपणूक' असं छापलंय. दुपारच्या जेवणानंतरचं सत्र आणि त्यात हा विषय, म्हणजे दोघी-तिघी डुलक्या काढणार हे मी धरूनच चाललेय. पण सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला एक गोष्ट पाठ आहे. घर सोडून आलेली बाई अंगावरच्या साडीनिशी येते. चार दिवसांनी आपण विचारतो, रेशनकार्ड कुठंय? लग्नाचा दाखला? मुलाचा जन्मदाखला? उत्तर ठरलेलं असतं, "तिकडंच राहिलं." मग आपण ते मिळवायच्या मागे लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १९(८) खाली स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या इतर चीजवस्तू परत द्यायचा आदेश मागता येतो, हे आपण शिकलो ते अशा बायांमुळेच.

आज मला ज्या मुलींबद्दल बोलायचं आहे त्यांचंही एक 'तिकडं' आहे. ते म्हणजे बालगृहाचं ऑफिस आणि त्यातलं लोखंडी कपाट. या मुली कोण? कुणी जन्मतःच टाकून दिलेली, कुणाचे आईबाप गेलेले, कुणाची आई परित्यक्ता, पोट भरण्यासाठी गाव सोडून गेलेली. कुणी बालविवाहातून सोडवून आणलेली. अठरावं वर्ष पूर्ण झालं की कायद्याने त्या 'बालक' राहत नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या मदतीची तरतूद आहे. नियमांप्रमाणे ती २१ व्या वर्षापर्यंत मिळू शकते, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेले आहेत. पण हे पैसे बँकेत जमा होणार. बँकेला आधार लागणार, आधारवरचं नाव दाखल्याशी जुळायला लागणार. म्हणजे मदत असली तरी तिच्या दाराला कागदाचंच कुलूप.

आपल्या मुलामुलींचा दाखला हरवला तर आपण काय करतो? आई माळ्यावरची पेटी काढते, मामा गावाकडच्या शाळेत जाऊन उतारा आणतो, काका तलाठ्याला ओळखत असतो. कागद जपणं हे कुटुंबाचं काम आहे आणि ते बहुतेक बायकाच करतात, म्हणूनच ते काम आहे असं कुणाला वाटत नाही. या मुलींना पेटी नाही आणि मामाही नाही. एक अधीक्षिका बदलली, संस्था दुसऱ्या इमारतीत गेली, की त्यांचा सगळा आगापिछा गठ्ठ्यात बांधून कोपऱ्यात पडतो.

एका कागदाला दुसरा कागद

सुरुवात जन्मदाखल्यापासून करू. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. एक वर्ष उलटलं की १९६९ च्या कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिरा नोंदींची तपासणी आणखी कडक केली. मग सापडलेल्या मुलीने पुरावा कुठून आणायचा? तिचा पुरावा म्हणजे बालकल्याण समितीचा आदेश, पोलिसांतली नोंद, वय ठरवणारा वैद्यकीय दाखला. हे तिन्ही कागद त्याच कपाटात असतात. अठराव्या वर्षानंतर ते शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं.

एक जमेची बाजू सांगते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, मतदारयादी, सगळीकडे जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा होणार. त्याआधी जन्मलेल्यांना इतर पुरावे चालतात. म्हणजे आज बालगृहात असलेल्या मोठ्या मुलींना शाळेच्या दाखल्याचा आधार आहे. पण आज पाळण्यात असलेल्या मुलीचा जन्मदाखला राहिला, तर पंधरा-वीस वर्षांनी तिला तेवढीही वाट उरणार नाही. तेव्हा लहानग्यांचं काम आधी हाती घ्या.

दुसरा कागद शाळेचा. संस्थेत येताना पोलिसांनी एक नाव लिहिलेलं असतं, समितीच्या आदेशात दुसरं, शाळेत घालताना कुणीतरी आडनाव जोडलेलं. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीची चार कागदांवर चार नावं होती. चौघींपैकी खरी कोण, असं ती स्वतःच हसून विचारायची. नर्सिंगच्या प्रवेशाला हे हसू टिकलं नाही. यादीत तिचं नाव लागलं, पण कागद जुळेपर्यंत मुदत संपली आणि वर्ष गेलं. म्हणून दहावीचा फॉर्म भरण्याआधी शाळेच्या रजिस्टरमधलं नाव आणि जन्मतारीख तपासून घ्यायची. मुलगी शाळेत असताना दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होऊन बसते, आणि मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात असा लांबचा रस्ता घ्यावा लागतो.

तिसरा कागद आधार. मान्यताप्राप्त बालगृहाच्या प्रमुखाने दिलेल्या दाखल्यावर मुलांचं आधार काढता येतं. ते बहुतेक संस्था करतात. अडतं ते पुढे. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, त्याची आठवण कुणाला राहत नाही. आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर असतो अधीक्षिकेचा, नाहीतर क्लार्कचा! मुलगी पुण्याला नोकरीला लागते, बँकेत जाते आणि ओटीपी जातो सोलापूरला, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर. मुलीच्या हाती स्वतःचा नंबर आला की पहिलं काम आधार केंद्रावर जाऊन तो जोडून घेण्याचं.

अनाथ कोण?

आता अवघड भागाकडे येते. महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०१८ रोजी अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केलं. संस्थेत वाढलेल्या मुलामुलींनी ते मागून, भांडून मिळवलं. पण त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. मुलगी संस्थेत असतानाच अर्ज केला तर सगळ्या नोंदी हाताशी असतात. बाहेर पडल्यावर त्याच नोंदींसाठी तिला ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आणि जिची आई जिवंत आहे तिचं काय? बालन्याय कायद्याची 'अनाथ' ची व्याख्या पाहा. आईबाप किंवा पालक नसलेलं मूल तर अनाथ आहेच, पण ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तेही अनाथच. आरक्षणाच्या टेबलावर मात्र पहिला प्रश्न येतो, "मृत्युदाखले कुठे आहेत?" बापाने टाकलेल्या, आईला सांभाळता न आलेल्या मुलीकडे ना मृत्युदाखला, ना घर. जातीचा दाखला काढायला गेली तर वडिलांकडच्या नात्यातले पुरावे मागतात. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ या सालांपूर्वीचे! ज्या बापाने मुलीचं तोंड पाहिलं नाही त्याच्या आजोबाचा शाळेचा उतारा तिने आणायचा. याला अट म्हणायचं की थट्टा?

बापाच्या नावाचा प्रश्न आपण पूर्वीपासून लढतोय आणि काही पदरातही पडलंय. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित किंवा एकट्या आईने जन्मदाखला मागितला तर तिचं प्रतिज्ञापत्र पुरे, बापाचं नाव विचारायचं कारण नाही. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला एकाच पालकाचं नाव चालतं. जन्मतारखेचा कुठलाच पुरावा नसलेल्या अनाथ मुलाला संस्थेच्या प्रमुखाचं पत्र चालतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचं नाव बापाच्या आधी आणलं. हे सगळं खिडकीपलीकडच्या बाबूला माहीत असतंच असं नाही. म्हणून या आदेशांच्या झेरॉक्स मुलीच्या फाईलमध्येच ठेवायच्या. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवलेला बरा.

मग करायचं काय?

आम्ही काही मुलींबरोबर जे करून पाहिलं ते सांगते. तुम्ही त्यात भर घाला.

पहिलं म्हणजे, मुलगी चौदा-पंधराची झाली की तिच्याबरोबर बसून कागदांची यादी करायची. एका वहीच्या पानावर कागदाचं नाव, नंबर, कुणी दिला, मूळ प्रत कुठे आहे, त्यावरचं नाव कसं लिहिलंय, असे रकाने. यादी तिच्या हस्ताक्षरात हवी. आमच्या अनुभवात याच दिवशी निम्म्या चुका सापडतात.

दुसरं, प्रतींचे तीन संच. मूळ प्रती एका फाईलमध्ये, प्लास्टिकच्या पाकिटांत. लॅमिनेशन करू नका, मागे शिक्का मारायला जागा राहत नाही. झेरॉक्सचा दुसरा संच, मुलीने निवडलेल्या विश्वासाच्या बाईकडे किंवा संघटनेकडे, आणि त्यावर तिच्या सहीची पोच. तिसरा संच डिजिलॉकरमध्ये. ही सरकारी सोय २०१५ पासून आहे. पण तिथे एक मेख आहे. खात्याकडून थेट आलेला कागद कायद्याने मूळ प्रतीइतकाच धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद म्हणजे नुसती झेरॉक्स. दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार, पॅन हे थेट मिळतात. बालकल्याण समितीचा आदेश तसा मिळत नाही, त्यामुळे त्याची मूळ प्रत डोळ्यांत तेल घालून जपायची.

तिसरं, पासवर्ड. तो मुलीचा. अधीक्षिकाताईंचा नाही, होणाऱ्या नवऱ्याचा नाही, आणि आपलाही नाही. "ताई, तुम्हीच ठेवा ना, माझ्याकडून हरवेल," असं मुली म्हणतात. ते ऐकायला गोड वाटतं आणि तिथेच आपण फसतो. तिला चालवून पाहू द्यावं, एकदा बंद पडू द्यावं, पुन्हा सुरू करायला शिकवावं. सायबर कॅफेत किंवा मैत्रिणीच्या फोनवर उघडलं तर काम झाल्यावर बाहेर पडायचं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे दोन धडे तिथेच द्यायचे.

चौथं आणि नाजूक. फाईलमध्ये फक्त दाखले नसतात, तिची गोष्ट असते. ती कुठे सापडली, आईने काय लिहून दिलं, घरात काय घडलं होतं. हे वाचायचा हक्क तिचा आहे. पण एका दुपारी फाईल हातात देऊन "घे, वाच" म्हणणं हा दुष्टपणा होईल. जवळच्या माणसाने सोबत बसून, तिला पेलेल तेवढं, तिला हवं तेव्हा. आणि बाहेर दाखवायच्या फाईलमध्ये हा भाग ठेवायचा नाही. नोकरी देणाऱ्या मालकाला किंवा सासरच्यांना तिच्या जन्माची कहाणी वाचायची गरज नाही. म्हणून दोन फाईली करा, एक खिडकीवर न्यायची आणि एक तिची स्वतःची.

काही अधीक्षिका म्हणतात, "मुलींच्या हातात मूळ कागद दिले तर हरवतात, फाडतात, पळून जाताना टाकून देतात." त्यांची काळजी खोटी नाही. चाळीस मुली, दोन काळजीवाहिका आणि एक कपाट असताना त्या तरी काय करणार? पण बालन्याय कायद्याच्या कलम ५३ मध्ये संस्थेने द्यायच्या सेवांच्या यादीत जन्मनोंदणी आणि ओळखीचा पुरावा मिळवायला मदत या दोन्ही गोष्टी आहेत. जपून ठेवणं आणि अडकवून ठेवणं यात फरक आहे. जपणाऱ्याने मागितल्याबरोबर द्यायला हवं.

नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलींनाही विसरू नका. बालसंगोपन योजनेत त्यांच्यासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. या मुलींना कपाटसुद्धा नसतं. सगळे कागद काकांच्या खिशात, आणि काकांशी बिनसलं की संपलं.

तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत. त्या शासनाकडे आहेत आणि आपल्याकडेही. बालगृह सोडण्याच्या सहा महिने आधी प्रत्येक मुलीच्या कागदांची तपासणी व्हावी आणि ती बालकल्याण समितीपुढे नोंदली जावी. कागद अपुरे आहेत म्हणून कुठल्याही मुलीची अनुरक्षणाची मदत थांबू नये. आणि आपल्या प्रत्येक संघटनेने जवळच्या एका बालगृहाशी बोलून, परवानगी घेऊन, वर्षातून दोन दिवस 'कागदांचा दिवस' करावा. वही, पेन, प्लास्टिकची पाकिटं आणि एक झेरॉक्सवाला, एवढंच सामान लागतं. त्या दिवशी केंद्रातल्या परित्यक्ता बायांनाही बरोबर घ्या. कागद तिकडंच राहिल्यावर काय होतं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही.

दारावर हाजिरीचा कागद फिरतोय. ज्यांच्या गावात किंवा तालुक्यात मुलींचं बालगृह आहे, त्यांनी नावापुढे तशी खूण करा. चहानंतर आपण तेवढ्याजणी बसू आणि तारखा ठरवूनच उठू.