सिद्ध औषधाचीही परीक्षा

सातव्या महिन्यांतलें मूल जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं, ही समजूत आपण आजीबाईंच्या तोंडून ऐकलेली असेल. ती खरी नाहीं. मूल दिवस भरेपर्यंत जितकें पोटांत राहील तितकी त्याच्या जगण्याची आशा अधिक. परंतु आजीबाईंना हसण्यापूर्वीं डॉक्टरांच्या समजुतींकडेही पाहिलें पाहिजे.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा मोठा वैरी म्हणजे त्याचीं कच्चीं फुप्फुसें. हवेच्या सूक्ष्म कोशांना आंतून जो स्निग्ध लेप लागतो, तो पुरेसा तयार झालेला नसतो. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ते कोश मिटूं पाहतात, आणि श्वास घेतां घेतां तो इवलासा जीव थकून जातो. न्यूझीलंडमध्यें ऑकलंड येथें डॉ. लिगिन्स मेंढ्यांच्या प्रसूतीचा अभ्यास करीत होते. गर्भावस्थेंत स्टेरॉइड दिलेलें एक कोकरूं फार अगोदर जन्मूनही श्वास घेऊं लागलें, हें त्यांनीं हेरलें. मग डॉ. हाउई यांच्यासह त्यांनीं मातांवर प्रयोग केला. औषध कोणत्या मातेला द्यावयाचें, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोंपविलें होतें. डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हे. १९७२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध मिळालेल्या मातांचीं मुलें कमी दगावलीं.

पुढें इतरत्रही प्रयोग झाले. तरी बहुतेक डॉक्टर आपल्याच रीतीनें चालत राहिले. १९७९ सालीं आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनीं, आपल्या उपायांची परीक्षा न पाहण्याबद्दल, प्रसूतिशास्त्राला ‘लाकडी चमचा’, म्हणजे शेवटच्या क्रमांकाचा मान, बहाल केला! तो टोला वर्मीं लागला. इयान चामर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विखुरलेले प्रयोग जमवून १९८९ सालीं मोठा ग्रंथ काढला. अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या समितीनें या औषधाची शिफारस केली ती १९९४ सालीं. मधलीं बावीस वर्षें जीं मुलें उपायावांचून गेलीं, त्यांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

आतां कथेची दुसरी बाजू. हें स्वस्त औषध खेडोपाडीं पोंचवावें, म्हणून सहा देशांत मोठा प्रयोग झाला. आपल्या देशांत तो बेळगांव व नागपूर या भागांत चालला. २०१५ सालीं आलेल्या आंकड्यांनीं सर्वांना चकित केलें. जेथें औषध पोंचविलें तेथें दर हजार जिवंत जन्मांमागें पहिल्या २८ दिवसांत २७ मुलें दगावलीं. जेथें नेहमींचीच व्यवस्था होती तेथें २४. दिवस नेमके न मोजल्यामुळें, ज्यांची प्रसूति पुढें वेळेवरच झाली अशा कित्येक स्त्रियांनाही सुई टोंचली गेली होती. मातांमध्यें संसर्गाचा संशयही अधिक आढळला.

मग औषध टाकून द्यावयाचें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील रुग्णालयांत पुन्हां परीक्षा घेतली. येथें गर्भाचे दिवस सोनोग्राफीनें ठरविले होते आणि नवजात मुलांच्या शुश्रूषेची सोय होती. २८५२ मातांच्या या प्रयोगांत औषधाविना शेंकडा साडेतेवीस मुलें दगावलीं, औषधानें साडेएकोणीस. लाभ स्पष्ट दिसल्यानें प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविला. २०२० सालीं तो प्रसिद्ध झाला.

औषध तेंच, फरक दिवसांच्या मोजणीचा आणि भोंवतालच्या व्यवस्थेचा. म्हणून श्रोत्यांतील भगिनींना माझें एक सांगणें आहे. शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवा, आणि पहिली सोनोग्राफी आरंभींच्या महिन्यांतच करून घ्या. पुढें घाईची वेळ आली, तर डॉक्टर प्रथम तीच तारीख विचारतील.