मुक्त संगणक-प्रणाली घराच्या उंबरठ्यावर का अडते?

(लकडगंज, नागपूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



लकडगंज ही इमारती लाकडाची बाजारपेठ. जुन्या घराची चौकट निघाली आणि आतले सागवान शाबूत असले, तर येथे ते कोणी जाळत नाही. रंधा मारून पुन्हा कामी लावतात. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला. पैसे भरून किंवा काही अटी मान्य करून मिळणारी वर्षभराची मुदतवाढ ही तात्पुरती मलमपट्टी होय. ‘विंडोज ११’च्या अटी २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक पुऱ्या करू शकत नाहीत. मुलांच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेले यंत्र धडधाकट आहे. पण कंपनीच्या लेखी ते बाद! हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे, मालकीचा आहे. यंत्र कुटुंबाचे, पण ते चालवणारी प्रणाली दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे.

यावर उपाय नाही असे नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’चा गाभा लिहिला. या दोहोंतून उभी राहिलेली प्रणाली कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी. परवान्याचे शुल्क नाही. तिचे हलके प्रकार जुन्या यंत्रांवरही चालतात. सी-डॅकने मराठीसह भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली तयार केली. मग ती घराघरांत का दिसत नाही?

येथेच अर्थशास्त्राची मेख आहे. किंमत शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे. नवे शिकण्याचा वेळ आणि जुनी कागदपत्रे, छायाचित्रे गमावण्याची भीती हाही खर्चच. शिवाय विंडोजची किंमत यंत्राच्या किमतीत दडलेली असते किंवा चोरटी प्रत वापरली जाते. त्यामुळे लिनक्समुळे वाचणारा पैसा ग्राहकाला दिसतच नाही. गल्लीतला दुरुस्ती करणारा विंडोज जाणतो, कारण गिऱ्हाइके विंडोजची; आणि गिऱ्हाईक विंडोज घेते, कारण दुरुस्ती तिचीच होते. मक्तेदारी टिकते ती केवळ कायद्याने नव्हे, तर या सवयीच्या चक्राने.

दोष मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांचाही आहे. नवख्यापुढे ते डझनभर प्रकार मांडतात आणि साध्या शंकेला काळ्या पडद्यावर टंकायच्या आज्ञांनी उत्तर देतात. वाचनालयात आलेल्याला पुस्तक देण्याऐवजी छापखाना दाखवण्यासारखेच हे! गृहिणीला वीजबिल भरायचे असते, विद्यार्थ्याला अर्ज छापायचा असतो, निवृत्त शिक्षकाला मराठीत पत्र लिहायचे असते. छपाईयंत्र चालले नाही किंवा ‘कृतिदेव’मध्ये टंकलेले जुने पत्र उघडताच रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, की त्या घरापुरते लिनक्स संपले.

हे चक्र मोडता येते, हे केरळने दाखवले. तेथे २००१ साली ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ योजना सुरू झाली आणि पुढे शाळांमध्ये मुक्त प्रणाली रुजली. निवड शाळाशाळांवर न सोडता एकच प्रणाली ठरवली, ती मल्याळममध्ये आणली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. याउलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने लिनक्स स्वीकारूनही २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. मुक्त प्रणाली स्वीकारणे हा एका ठरावाचा विषय नसून तिच्यामागे संघटना आणि राजकीय इच्छाशक्ती सतत उभी ठेवावी लागते, हा त्यातील धडा.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांबरोबर उभा राहिला. एकट्याला न पेलणारा खर्च अनेकांनी मिळून पेलावा, हेच त्यामागचे सूत्र. संगणकाच्या बाबतीत न पेलणारा खर्च भांडवलाचा नाही, मदतीचा आहे.

म्हणून वस्तीतील वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ संगणकासाठी राखावी. एकच सोपा प्रकार निवडून सर्वांना तोच द्यावा. प्रथम घरातील कागदपत्रांची प्रत काढून ठेवावी. मग काहीही न पुसता पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून दाखवावी. छपाईयंत्र आणि मराठी कळफलक त्याच बैठकीत तपासावेत. घरच्यांची खात्री पटल्यावरच ती कायमची बसवावी. ज्याचा हिशेब ‘टॅली’वर आहे, त्याला आग्रह करू नये, ती विंडोजसाठी लिहिलेली आहे आणि त्याची रोजी तिच्यावर चालते. वस्तीतील दुरुस्ती करणाऱ्या तरुणालाही या कामात सामील करून घ्यावे. त्याला वगळून केलेला प्रचार टिकणार नाही.

स्वातंत्र्य परवान्याच्या कागदावर लिहून मिळते. पण अडल्या वेळी मदतीला येणारा माणूस शेजारी असेल, तेव्हाच ते सामान्य माणसाच्या उपयोगी पडते. तो माणूस तयार करणे हे बाजाराचे काम नव्हे, कार्यकर्त्याचे आहे.