कॉलेजच्या फाटकावरचा पोलीस

(वस्तीतल्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय पोलीस. मी बोलणार आहे कॉलेजवर. गडबडू नका. दोघं एकाच फाटकावर भेटतात.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण ब्लॅक पँथर जन्मली कुठे? आपण ठोकून देतो, घेट्टोत, रस्त्यावर. हे अर्धं खरं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात मेरिट कॉलेज आहे. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील तिथं एकमेकांना भेटले, काळ्यांचा इतिहास शिकवा म्हणून तिथं भांडले, आणि १९६६ च्या ऑक्टोबरात त्यांनी पार्टी काढली. न्यूटन कायदा वाचायचा. पोलिसांनी काळ्या माणसाला अडवलं की हे लोक कायद्यात बसेल एवढं अंतर ठेवून बाजूला उभे राहायचे. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. बंदुकीचा फोटो जगभर गेला. पुस्तकाचं कोणी बोलत नाही.

तर ते मेरिट. ते काही हार्वर्ड नव्हे. ते कम्युनिटी कॉलेज. म्हणजे काय, तर दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, ज्याचं दार कुणालाही उघडं. मार्कांची यादी लागत नाही, ओळख लागत नाही. पहिलं निघालं १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट गावी. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. नर्स व्हायचंय, वेल्डर व्हायचंय, पुढे युनिव्हर्सिटीत जायचंय, तुरुंगातून सुटून पुन्हा सुरुवात करायचीय, सगळ्यांची रांग इथंच. काळे, मेक्सिकन, कालच बोटीतून उतरलेले, दोन पोरांची आई, दिवसा हॉटेलात भांडी घासून रात्री वर्गात पेंगणारा. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, ते डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. १९८४ पर्यंत कॅलिफोर्नियात या कॉलेजांना फी नव्हती. मग युनिटमागे ५ डॉलर लावले. आता ४६ आहेत. एका विषयाला साधारण तीन युनिटं.

आता मी तिथं कसा पोचलो? गोदीतून. २०२० च्या २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याला मारलं. (हा फ्लॉइडही फ्लोरिडाच्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकायला गेलेला, बास्केटबॉलच्या जोरावर.) आणि १९ जूनला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या २९ बंदरांतल्या गोदी कामगारांनी आठ तास काम बंद ठेवलं. क्रेन उभ्या, जहाजं उभी. ओकलंडच्या बंदरात मोठी सभा झाली. गोदी कामगार पोलिसी खुनाविरुद्ध पाळी सोडतो, ही बातमी वाचून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या टोळीत वाचून दाखवली. एक म्हातारा म्हणाला, 'आपण बोनससाठी पन सोडत न्हाई रं आता.' त्याचं खोटं नाही. ठेकेदाराचा माणूस पाळी सोडत नाही, पाळीच त्याला सोडते.

त्या बातमीच्या मागं लागून ओकलंड वाचत गेलो. इंग्रजी माझं मॅट्रिकपुरतं. मोबाईलवर शब्दकोश उघडा ठेवायचा आणि ढकलत राहायचं.

तर मंडळी, या कॉलेजांच्या फाटकावर जो उभा असतो तो आपल्याकडचा वॉचमन नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने कॉलेजच्या विश्वस्त मंडळाला स्वतःचं पोलीसखातं काढता येतं. स्वतःचा पोलीसप्रमुख, स्वतःच्या गाड्या, स्वतःचे बिल्ले. तो माणूस पुरा पोलीस. अटक करतो, बेडी घालतो. बंदूक द्यायची की नाही आणि कोणत्या अटीवर, हे त्याला पगार देणारी संस्था ठरवते. ही ओळ मी तीनदा वाचली. विश्वस्त मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं. वर्ग किती चालवायचे, रात्री लायब्ररी कितीपर्यंत उघडी ठेवायची, आणि पोरांमध्ये हिंडणाऱ्या माणसाच्या कमरेला काय लटकवायचं, सगळं एकाच टेबलावर.

आणि हा पोलीस तयार कुठे होतो? तिथंच. पोलीस बनवण्याच्या कितीतरी अकादम्या कम्युनिटी कॉलेजातच चालतात. १९६८ च्या कायद्याने केंद्र सरकारने पोलीस-शिक्षणासाठी कर्ज आणि अनुदान ओतलं, तेव्हापासून हे वर्ग फोफावले. कमीत कमी ६६४ तासांचं प्रशिक्षण. २०२२ पासून वयाची अट १८ वरून २१ वर गेली, आणि त्याच कायद्याने कम्युनिटी कॉलेजांच्या कचेरीला सांगितलं, नव्या पोलिसासाठी पदवीचा अभ्यासक्रम आखा. म्हणजे एका इमारतीत वेल्डिंग, दुसरीत नर्सिंग, तिसरीत पोलीस. एकाच कँटीनला सगळे. दोन वर्षांनी एक जण वर्गात बसलेला, एक जण दारात उभा. गल्ली एकच.

पहाटे मैदानावर १६०० मीटर धावणाऱ्या आपल्या पोरांनो, म्हणून मी हे तुम्हाला सांगतोय. मला बारावीची अट आडवी येते, माझा प्रश्न मिटला. तुमचा उभा आहे.

दिवसभर तो करतो काय? अमेरिकेत १९९० पासून क्लेरी कायदा आहे. कॉलेजच्या हॉस्टेलवर एका विद्यार्थिनीचा खून झाला, तिच्या आईबापांनी झगडून तो करून घेतला. त्या कायद्याने ज्या कॉलेजला पोलीस किंवा सुरक्षाखातं आहे त्याला गुन्ह्यांची रोजची वही ठेवावी लागते. कुठला गुन्हा, कधी, साधारण कुठे, पुढे काय झालं. दोन कामाच्या दिवसांत नोंद. आणि ती वही वाटेल त्याला बघायला खुली, विद्यार्थ्यालाही, मुंबईतल्या हमालालाही. मी बसून वाचल्या. सिनेमातलं काही नाही हो त्यात. गाडीचा आरसा फोडला. सायकल चोरली. गाडीखालचा धूर गाळायचा डबा कापून नेला, त्यात महाग धातू असतो म्हणून. कुणी बायकांच्या संडासात शिरला. दारू पिऊन कुणी बाकावर आडवा. वहीत न येणारी कामं आणखी वेगळी. चावी गाडीतच राहिली म्हणून दार उघडून देणं, बसलेली बॅटरी चालू करून देणं, रात्रीच्या वर्गानंतर एकट्या बाईला गाडीपर्यंत पोचवणं, पार्किंगच्या पावत्या फाडणं. पावत्या फाडायला पुष्कळ ठिकाणी विद्यार्थीच ठेवतात, तासाच्या पगारावर. पोरगा पोराला दंड करतो.

हे काम हलकं नाही. बाईला गाडीपर्यंत पोचवणं हे मी मोठं काम समजतो.

पण एक काम बघा. तिथं कितीतरी विद्यार्थ्यांना राहायला घर नाही. भाडी परवडत नाहीत. ते आपल्या जुन्या गाडीत झोपतात. मागच्या सीटवर पुस्तकं, पुढच्या सीटवर माणूस. २०१९ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात विधेयक आलं की अशा विद्यार्थ्यांना कॉलेजच्या पार्किंगमध्ये रात्रीची गाडी उभी करू द्या. ते मागं पडलं. कारणं दिली गेली, खर्च, जबाबदारी, सुरक्षितता. ठीक. विधेयक मागं पडलं, पण पोरगं गाडीत आहेच ना? मग रात्री दोन वाजता काच कोण वाजवतो? आमदार येत नाही. विश्वस्त येत नाही. येतो बिल्लेवाला, आणि त्याच्या हातात बॅटरी. 'बाबा, इथून हल.' त्याला हे पोरगं दिवसा ओळखीचं असेल. त्याच्या स्वतःच्या घराचंही भाडं थकलेलं असेल. तरी तो वाजवतो. वरच्यांनी जो निर्णय घेतला त्याचा आवाज म्हणजे काचेवरची ती टकटक.

आता सांता मोनिका. हे नीट ऐका, कारण यात आपल्याला सोयीचं आणि गैरसोयीचं दोन्ही आहे.

सांता मोनिका कॉलेज, लॉस एंजलिसच्या पश्चिमेला, समुद्राजवळ. स्वतःचं पोलीसखातं असलेलं कम्युनिटी कॉलेज. २०१२ साली राज्याने पैसे तोडले, वर्ग कमी पडले. मंडळाने युक्ती काढली, मागणी असलेले काही जादा वर्ग जवळजवळ चौपट फीने चालवायचे. ज्याच्या खिशात आहे त्याने आधी शिकावं. ३ एप्रिलच्या संध्याकाळी विश्वस्तांची सभा होती. खोली लहान, पोरं पुष्कळ. पोरं म्हणाली, आम्हाला आत येऊ द्या, आमच्याच फीचं चाललंय. दारात रेटारेटी झाली आणि कॉलेजच्या पोलिसाने मिरचीचा फवारा मारला. तिसेक लोकांच्या डोळ्यात-नाकात गेला. त्यांत चार वर्षांचं एक लेकरू होतं. गंमत बघा, त्याच आठवड्यात मंडळाने ती योजना बाजूला ठेवली. पोरांचं म्हणणं बरोबर होतं हे फवाऱ्यानंतर कळलं. दार उघडून ऐकलं असतं तर डोळे वाचले असते.

इथंच थांबलो असतो तर भाषण झकास झालं असतं. टाळ्या पडल्या असत्या.

पण चौदा महिन्यांनी, २०१३ च्या ७ जूनला, तेच कॉलेज. एक तरुण घरात बाप आणि भाऊ यांना मारून रायफल घेऊन निघाला, वाटेत गोळ्या घालत कॉलेजात आला. दोघं घरात, तिघं बाहेर, एकूण पाच माणसं मेली. त्यांत कॉलेजचा एक कामगार होता, रिकाम्या बाटल्या-डबे गोळा करून पोट भरणारी एक बाई होती. म्हणजे पुन्हा आपलीच माणसं. तो लायब्ररीत शिरला. परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं आतल्या खोलीत दडली, तो बाहेरून भिंतीवर गोळ्या झाडत होता. त्याला तिथं पाडला तिघा पोलिसांनी, दोघे शहराच्या पोलिसातले आणि एक कॉलेजच्या पोलिसातला. तेच खातं. तोच बिल्ला. खोलीत दडलेल्या पोरीला त्या घडीला पोलीस म्हणजे दमनयंत्रणा वगैरे सुचलं नसेल.

आणि २०१५ च्या १ ऑक्टोबरला ऑरेगॉन राज्यातल्या अंपक्वा कम्युनिटी कॉलेजात नऊ माणसं मारली गेली. त्या कॉलेजच्या आवारात बंदूकधारी पहारा नव्हता. शहराचे पोलीस बोलावल्यावर काही मिनिटांत आले, पण तोवर नऊ गेली. ज्यांना वाटतं नुसतं पोलीस हाकला की झालं, त्यांनी या नऊ जणांना उत्तर द्यावं. आणि ज्यांना वाटतं बंदूक ठेवली की झालं, त्यांनी त्या चार वर्षांच्या लेकराला.

मला काय वाटतं? मला वाटतं बंदुकीपेक्षा दार कुणाच्या हातात आहे ते बघावं. ७ जूनला त्या पोलिसाला कुणी हुकूम द्यायला नव्हतं. समोर मरण होतं, तो पुढे गेला. ३ एप्रिलला खोलीच्या आत मंडळ बसलेलं होतं आणि बाहेर फीवाले. त्या रात्री तो माणसांना वाचवत नव्हता, सभेला वाचवत होता. एकच नोकरी, दोन कामं. पगाराच्या पावतीवर दोन्हींचा फरक दिसत नाही. वर्दीतला माणूस काळा आहे की गोरा, महार आहे की मराठा, यानेही तो फरक दिसत नाही. आपलं पोरगं वर्दीत गेलं म्हणून वर्दी आपली झाली असं मानणारे पुढारी आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. पोरानं जावं. जरूर जावं. घरात पगार येऊ दे, आईच्या अंगावर धड लुगडं येऊ दे. पण कुठल्या दारात उभं केलंय आणि आत कोण बसलंय, हे त्याने पहिल्या दिवशी विचारावं. विचारलं म्हणून नोकरी जात नाही. निदान मनात विचारलं म्हणून तरी नाहीच.

वहीचं मात्र मी सोडणार नाही. आपल्या इकडच्या एकाही कॉलेजच्या फाटकावर, वाटेल त्याने उघडून बघावी अशी वही मी पाहिलेली नाही. आपला कुणी पोरगा कॉलेजात मार खातो, कुणी हॉस्टेलच्या पंख्याला लटकतं, आणि त्या दिवशी कुणाला किती वाजता कळवलं, कोण आलं, काय लिहिलं, हे आपल्याला आठ-दहा चपला झिजवून कळतं. अमेरिकेचं सगळं घ्यायला मी सांगत नाही. वही घ्या.

आता मेरिटकडे येतो आणि संपवतो. मेरिट १९७१ साली सपाटीवरच्या काळ्या वस्तीतून उचलून टेकडीवर नेलं. ज्यांचं कॉलेज त्यांनाच बसने चढून जावं लागायला लागलं. मेरिटसह तिथल्या चार कॉलेजांचं मिळून एक विश्वस्त मंडळ आहे, पेराल्टा. त्यांचा बंदोबस्त करायचे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचे, म्हणजे शेरीफचे लोक, करारावर. पँथरच्या कॉलेजात शेरीफ! पोरं आणि मास्तर वर्षानुवर्षं बोंबलत होते. २०२० च्या त्या उन्हाळ्यात, गोदी बंद पडली त्याच उन्हाळ्यात, मंडळाने ठरवलं की शेरीफशी करार पुढे चालवायचा नाही. मी हे वाचलं तेव्हा रात्रपाळी होती, गोदीतच एकटा ओरडलो.

मग पुढचं वाचलं. शेरीफच्या जागी आले खाजगी सुरक्षा कंपन्यांचे गार्ड. ठेक्यावर. हा प्राणी मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्याचा मालक फाटकाच्या आत नसतो, बाहेरही नसतो. त्याला बूट स्वतःचे आणावे लागतात की कंपनीचे मिळतात, त्याची पाळी आठ तासांची की बाराची, रजा मागितली तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो का, हे प्रश्न मंडळाच्या सभेत कोण विचारतं? काच तर त्यालाही वाजवायचीच आहे.

माझं बोलणं झालं. ज्यांचे भरतीचे अर्ज भरायचे राहिलेत त्यांनी बैठकीनंतर थांबावं, फोटो आणि जातीचा दाखला बरोबर असला तर आजच भरून टाकू. आता तुम्ही बोला.