शौल राजाची अखेरची रात्र

बायबलांतील आज्ञाभंग म्हटला कीं एदेन बाग, आदाम, हव्वा आणि सर्प हीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. आणि सर्पाच्या रूपानें सैतानच तेथें आला होता असें बहुतेक सर्व जण धरून चालतात. उत्पत्तीच्या पुस्तकांतील त्या कथेंत मात्र सैतानाचें नांवहि नाहीं. तेथील सर्प हा रानांतील सर्व प्राण्यांत धूर्त असा एक प्राणी आहे, इतकेंच. देवानें विचारतांच आदाम स्त्रीकडे बोट दाखवितो, स्त्री सर्पाकडे दाखविते. पण शिक्षेंतून कोणीहि सुटत नाहीं. मातींतून घडलेला मनुष्य पुन्हां मातीसच मिळावयाचा, हा मरणाचा निवाडाहि तेथेंच येतो. सर्प आणि सैतान एकच, हें स्पष्टपणें सांगितलें आहे तें बायबलाच्या अगदीं शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकांत; आणि या दोन लेखनांमध्यें कित्येक शतकें लोटलेलीं आहेत.

मग त्या जुन्या काळीं बंडखोर कोणाला म्हणत? याचें उत्तर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांतील शौल राजाच्या चरित्रांत जितकें उघडपणें सांपडतें, तितकें अन्यत्र क्वचितच सांपडेल.

शौल हा इस्राएलाचा पहिला राजा. बापाचीं हरवलेलीं गाढवें शोधावयास निघालेला हा उंचापुरा तरुण शमुवेल संदेष्ट्याला भेटला आणि राज्याभिषेकाचें तेल माथ्यावर घेऊन परतला. पुढें अमालेकी लोकांवर स्वारी करावी, आणि त्यांचें माणूस किंवा जनावर कांहींएक शिल्लक ठेवूं नये, अशी आज्ञा शमुवेलानें त्याला देवाच्या नांवानें सांगितली. शौलानें लोक मारिले, पण त्यांच्या अगाग राजाला जिवंत धरलें आणि उत्तम मेंढरें व बैल राखून ठेविले. शमुवेल भेटावयास आला तेव्हां आपण आज्ञा पाळली असें शौल सांगूं लागला. आणि मागें मेंढरें ओरडत होतीं! तीं लोकांनीं राखलीं, तींहि देवाच्या यज्ञासाठींच राखलीं, असा बचाव त्यानें केला. येथेंहि बोट दुसऱ्याकडेच. यज्ञापेक्षां आज्ञापालन मोठें, आणि बंडखोरी ही चेटकाइतकेंच मोठें पातक, असें शमुवेलानें त्याला बजावलें. संदेष्टा जाण्यास वळला तेव्हां शौलानें त्याच्या झग्याचा कांठ धरला, तो फाटला. राज्यहि असेंच फाडून काढून घेतलें आहे, असें सांगून शमुवेल गेला.

आजच्या वाचकाला ती आज्ञाच भयंकर वाटते, आणि तसें वाटणें योग्यच आहे. तान्हीं मुलेंहि मारावीं असें सांगणाऱ्या आज्ञेचें समर्थन करण्याचा खटाटोप अनेक भाष्यकारांनीं केला आहे. त्यानें समाधान होत नाहीं. परंतु शौलानें जें केलें तें दयेपोटीं केलें नाहीं, हेंहि विसरतां येत नाहीं. त्यानें लेंकरें वांचविलीं नाहींत. धष्टपुष्ट बैल वांचविले.

यानंतर शौलाला दुष्ट आत्मा छळूं लागला. हा आत्मा देवाविरुद्ध उठलेला नव्हे. तो परमेश्वराकडूनच आला होता, असें ग्रंथ सांगतो. तरुण दावीद वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे. बरें आणि वाईट दोन्ही एकाच देवाच्या हातांत, अशी ती जुनी समजूत होती. ती पुढें कशी बदलली याचा एक पुरावा फार बोलका आहे. दाविदानें प्रजेची शिरगणती केली तें पाप ठरलें. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत ती बुद्धि त्याला कोपलेल्या परमेश्वरानें दिली असें आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकांत तीच बुद्धि सैतानानें दिली असें आहे. ‘सैतान’ हा शब्द मराठींत अरबी-फारसीच्या वाटेनें आला. मूळ इब्री शब्दाचा अर्थ नुसता विरोधक, प्रतिपक्षी. ईयोबाच्या पुस्तकांत तर हा प्रतिपक्षी देवाच्या दरबारांत हजर असतो आणि परवानगी मिळाल्यावरच छळ करितो. पतन पावलेल्या देवदूतांची सविस्तर कथा हनोखाच्या नांवावर असलेल्या पुस्तकांत आहे, आणि तें बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांनीं बायबलांत घेतलेलें नाहीं; इथिओपियाच्या मंडळीनें मात्र घेतलें.

पण शौलाकडे वळावें. शमुवेल मरण पावला होता. पलिष्ट्यांचा तळ शूनेम येथें पडला होता आणि शौलाचें सैन्य गिलबोवाच्या डोंगरावर होतें. शत्रूची छावणी पाहून राजाचें काळीज थरथरलें. त्यानें देवाला प्रश्न विचारला; स्वप्नानें नाहीं, ऊरीमानें नाहीं, संदेष्ट्यांकडूनहि नाहीं, कोणत्याच वाटेनें उत्तर आलें नाहीं. तेव्हां, ज्यानें भूतविद्या जाणणारे लोक देशांतून हांकून लाविले होते, तोच राजा वेष पालटून, दोन माणसें बरोबर घेऊन, रात्रीं एन-दोर गांवीं अशाच एका स्त्रीच्या दारीं गेला. एन-दोर शूनेमाच्याहि उत्तरेस. म्हणजे शत्रूच्या तळाला वळसा घालून जावें लागलें. शमुवेलानें बंडखोरीची तुलना ज्या पातकाशीं केली होती, त्याच पातकाच्या उंबऱ्यावर राजा येऊन उभा राहिला.

झगा पांघरलेला एक म्हातारा वर येत आहे, असें त्या स्त्रीनें सांगितलें. तोच झगा, असें ग्रंथकार म्हणत नाहीं. पण ऐकणाऱ्याला फाटलेला कांठ आठवल्यावांचून राहत नाहीं. आपल्याला कां उठविलें, म्हणून शमुवेल त्रासला. इस्राएलाचा पराभव होईल, आणि उद्यां शौल व त्याचे पुत्र आपल्यापाशींच येतील, असें तो म्हणाला.

हें ‘आपल्यापाशीं’ लक्षांत घेण्याजोगें आहे. जन्मभर आज्ञा पाळणारा संदेष्टा आणि आज्ञा मोडणारा राजा, दोघांचा मुक्काम एकच! जुन्या इब्री कल्पनेप्रमाणें सर्व मृतांस एकाच अधोलोकांत जावयाचें असे. धार्मिकांस स्वर्ग आणि पाप्यांस अग्निकुंड ही वांटणी स्पष्ट झाली ती मागाहून. त्यामुळें पुढील भाष्यकारांची मोठी पंचाईत झाली. तिसऱ्या शतकांत ओरिगेन यानें तो खरोखरीच शमुवेल होता असें प्रतिपादिलें. चौथ्या शतकांत अंत्युखियाच्या युस्टाथियसानें त्याच्याविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहून ती दुष्टात्म्याची फसवणूक होती असें मांडलें. मूळ ग्रंथकाराला मात्र ही शंका शिवलेली दिसत नाहीं. तो सरळ शमुवेल बोलला असेंच लिहितो.

शौल धाडकन जमिनीवर पडला. दिवसभर आणि रात्रभर त्यानें अन्न घेतलें नव्हतें. त्या स्त्रीनें घरचें पोसलेलें वासरूं कापलें, पीठ मळून बेखमीर भाकरी भाजल्या, आणि तो नाहीं नाहीं म्हणत असतां त्याला आग्रह करून जेवूं घातलें. त्याच्याच हुकुमानें जिला लपून राहावें लागलें, तिच्या हातचें हें त्याचें शेवटचें जेवण ग्रंथांत लिहिलेलें आहे. त्या कृत्याला ग्रंथकारानें एक शब्दहि दोष दिलेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गिलबोवावर योनाथान, अबीनादाब आणि मलकीशुवा हे तिन्ही पुत्र पडले. बाणांनीं घायाळ झालेल्या शौलानें शस्त्रवाहकाला आपणांस मारावयास सांगितलें. तो भ्याला, तेव्हां राजानें स्वतःच्याच तरवारीवर अंग टाकलें. पलिष्ट्यांनीं त्याचें प्रेत बेथ-शानाच्या तटाला टांगलें.

यार्देन नदीपलीकडे याबेश-गिलाद नांवाचें गांव होतें. नाहाश नांवाच्या अम्मोनी राजानें एकदां तेथील प्रत्येकाचा उजवा डोळा काढण्याची धमकी दिली होती, तेव्हां नव्यानेंच राजा झालेल्या शौलानें धांवून जाऊन त्यांस वांचविलें होतें. त्या गांवचे शूर पुरुष रात्रभर चालत बेथ-शानास गेले. त्यांनीं शौलाचें व त्याच्या पुत्रांचीं प्रेतें तटावरून उतरविलीं, याबेशास आणून जाळलीं, अस्थि एशेल झाडाखालीं पुरल्या, आणि सात दिवस उपास केला.