पिवळ्या चिठ्ठीची मराठी

रुग्णालयांतून, ओतशाळांतून, बंदरांतून, वाहतूक कंपन्यांतून रजा टाकून आलेले माझे सहकारी मित्रहो,

अध्यक्षपदासाठी तुम्ही माझं नाव सुचवलंत तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो असा, की मी बोलणार कशावर? माझं आयुष्य फॉर्म भरण्यात गेलं. किरणोत्सारी मालाच्या खोक्यापासून एक मीटरवर मीटर धरायचा, आकडा लिहायचा, सही करायची. पण फॉर्म भरता भरता भाषेबद्दल एक-दोन गोष्टी कळल्या, त्या आज सांगतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या एसटी स्टँडवरून मला फोन आला. पार्सलखिडकीशी पुठ्ठ्याचं एक खोकं पडलं होतं आणि त्यावर पिवळी चिठ्ठी, तीन काळी पाती, दोन लाल दांडे. स्टँड रिकामा केलेला. एसटीच्या गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या, चहावाल्याने स्टोव्ह तसाच पेटता टाकून पळ काढलेला. मी पोहोचलो तेव्हा फौजदारसाहेब पन्नास पावलांवरून हातवारे करत होते. मीटर चालू करून चालत गेलो. काटा स्टँडच्या फाटकावर जितका होता, तितकाच खोक्याजवळ. उघडलं तर आत शिशाचं भांडं, धुतलेलं, कोरडं. एका रुग्णालयाने औषध वापरून झाल्यावर रिकामं भांडं परत पाठवलं होतं, चिठ्ठी न झाकता. रिकामं आवेष्टन पाठवताना जुनं लेबल दिसता कामा नये, हा साधा नियम. तो पाळायला दहा रुपयांची चिकटपट्टी पुरली असती.

फौजदारसाहेबांनी मला विचारलं, "मग ह्याच्यावर लिहिलंय काय नक्की?" मी वाचून दाखवलं. सगळं इंग्रजी आणि रोमन आकडे. ते म्हणाले, "मला वाटलं, जेवढे दांडे जास्त तेवढे बॉम्ब."

त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. दांडे वाढले की बाहेरचा किरणोत्सार वाढतो. एक दांडा, पांढरी चिठ्ठी: पृष्ठभागावर तासाला ५ मायक्रोसीव्हर्टपर्यंत, एक मीटरवर जवळजवळ शून्य. दोन दांडे म्हणजे पृष्ठभागावर तासाला ५०० पर्यंत. तीन दांडे म्हणजे २,००० पर्यंत. त्याच्या जोडीला वाहतूक निर्देशांक. एक मीटरवरचा मायक्रोसीव्हर्टचा आकडा घ्यायचा, दहाने भागायचा, आणि आलेलं उत्तर पुढच्या दशांशावर न्यायचं. ११.३ मिळाले तर १.१३ होतात, लिहायचे १.२. आपला हिशेब नेहमी आपल्याच विरुद्ध पूर्ण करायचा, ही या खात्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. निर्देशांक १ च्या वर गेला की पृष्ठभागाचा आकडा कितीही सौम्य असो, तिसरा दांडा लागतो. साध्या गाडीतल्या सगळ्या खोक्यांच्या निर्देशांकांची बेरीज ५० च्या पुढे जाऊ द्यायची नाही. ड्रायव्हरला यातलं एवढं समजलं तरी पुरे, की कोणतं खोकं आपल्या पाठीशी ठेवायचं नाही.

आता आजच्या विषयाकडे येतो. कार्यक्रमपत्रिकेवर "अल्प पातळीचे किरणोत्सारी पदार्थ" असं छापलंय. या शब्दावर माझा जुना राग आहे. कचऱ्याची विल्हेवाट लावणारे "अल्प पातळी" म्हणतात ती वेगळी, आणि वाहतुकीच्या नियमांत जी आहे ती "अल्प विशिष्ट सक्रियता", आपल्या बोलण्यातली एलएसए. पहिलीत आपण पुढे किती वर्षं काय करायचं याचा विचार करतो. दुसरीत प्रश्न एकच: रस्त्यात गाडी उलटली, पिंप फुटलं, धूळ उडाली, तर शेजारी उभ्या माणसाच्या पोटात आणि छातीत किती जाईल? एकूण किती बेकेरेल आहेत हे इथे दुय्यम. एका ग्रॅममध्ये किती, हे महत्त्वाचं.

हा फरक मी नव्या मुलांना स्वयंपाकघरातून समजावतो. हिंगाची डबी आणि मिठाचं पोतं. पोतं जड, पण सांडलं तर ओंजळभर मीठ कोणी गिळत नाही. रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यातली इरिडियमची गोळी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तिला जाड शिल्डिंग लागतं. जादूगुड्याहून हैदराबादला जाणारा युरेनियमचा पिवळा माल टनांनी जातो, आणि तो एलएसए-१. त्याला साधं औद्योगिक आवेष्टन, पत्र्याचं चांगलं बंद पिंप, चालतं. नैसर्गिक युरेनियमला नियमात ए-२ ची मर्यादाच नाही, कारण किरणोत्साराची मात्रा मर्यादेबाहेर जाईल इतकं खाणं किंवा श्वासात घेणं माणसाला जमणारच नाही.

ए-२ म्हणजे काय, हे सभागृहातल्या अर्ध्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बाकीच्यांसाठी: ए प्रकारच्या आवेष्टनात जास्तीत जास्त किती माल भरता येईल, हे प्रत्येक किरणोत्सारी समस्थानिकासाठी ठरवलेलं माप. कोबाल्ट-६० साठी ०.४ टेराबेकेरेल, आयोडीन-१३१ साठी ०.७. हे माप ठरवताना असं धरलंय, की अपघात झाला तर जवळच्या माणसाच्या शरीरात खोक्यातल्या मालाचा साधारण दहा लाखावा भाग जाईल. एलएसएच्या दुसऱ्या गटाची, म्हणजे एलएसए-२ ची, मर्यादा आहे ग्रॅममागे ए-२ चा दहा हजारावा भाग. माणूस धुळीत उभा असताना १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आत घेणार नाही, असं इथे गृहीत धरलंय. १० मिलिग्रॅम म्हणजे फोडणीतल्या मोहरीचे तीन-चार दाणे. गुणाकार करून बघा. ग्रॅमचा शंभरावा भाग गुणिले ए-२ चा दहा हजारावा भाग: पुन्हा दहा लाखावा भाग येतो. ए प्रकारचं मजबूत खोकं आणि पत्र्याचं साधं पिंप, दोन्ही एकाच जागी पोहोचतात. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं त्या दिवशी मला वाटलं, की नियम लिहिणाऱ्यांना गणिताइतकंच माणसाच्या नाकाचंही भान होतं.

द्रव असेल तर मर्यादा दहापट कडक. सांडलेलं पाणी उन्हात आटतं आणि मागे राहिलेला थर घट्ट होतो, हे त्यामागचं कारण. मात्र एक बजावून सांगतो. एलएसए म्हणजे निरुपद्रवी, असं समजून कोणी मोकळं होऊ नये. त्या मालावरचं शिल्डिंग काढून तीन मीटरवर मोजलं तर तासाला १० मिलिसीव्हर्टपर्यंत भरू शकतं, एवढी सवलत नियमानेच दिलेली आहे. अशा ढिगाशेजारी दोन तास बसलात, की कर्मचाऱ्याची वर्षाची सरासरी मर्यादा संपली.

किरणोत्सारी कशाला म्हणायचं, याचीही एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे पहिले वाहतूक नियम १९६१ चे. पुढे बरीच वर्षं सगळ्यांना एकच फूटपट्टी होती: ग्रॅममागे ७० बेकेरेल. ओलांडली की वर्ग ७, म्हणजे किरणोत्सारी माल, नाहीतर साधा माल. प्लुटोनियमला तीच आणि ट्रिशियमलाही तीच. भाजीच्या एकाच मापाने केशर आणि भुसा मोजल्यासारखं. १९९६ च्या आवृत्तीत हे बदललं. प्लुटोनियम-२३९ ला १, कोबाल्ट-६० ला १०, पोटॅशियम-४० ला १००, आणि ट्रिशियमला थेट दहा लाख. खनिज वाळू, धातूमळी, खतं यांसारख्या नैसर्गिक मालाला त्याच्या दहापट सूट. कोकणच्या आणि केरळच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बघणाऱ्यांना या एका ओळीचं महत्त्व विचारा. आपल्या लहानपणी वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम असायचं. ती बत्ती डोक्यावर घेतलेल्या माणसाला कोणी चिठ्ठी लावली नाही, आणि लावायची गरजही नव्हती.

इथे उलटी गोष्ट सांगायला हवी. २०१० च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठातलं, बरीच वर्षं न वापरलेलं, गॅमा सेल नावाचं एक किरणोत्सारी यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं. मायापुरीच्या बाजारात ते कापलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. कित्येक जण रुग्णालयात गेले, एक कामगार दगावला. माझ्या एसटी स्टँडवर रिकाम्या खोक्याला चिठ्ठी होती म्हणून तालुका पळाला. दिल्लीत वस्तूचं नाव "भंगार" ठेवलं गेलं, आणि भंगाराला वर्ग ७ नसतो. भंगारवाल्याच्या हातगाडीला वाहतूक निर्देशांक कोण काढणार?

यातून आपला महाराष्ट्रही सुटलेला नाही. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. ते पोलाद भारतातून गेलं होतं, आणि माग काढता काढता तो आपल्या राज्यातल्या एका ओतशाळेपर्यंत आला. तिथल्या भट्टीत कुठलं तरी बेवारस स्रोत असलेलं भंगार वितळलं होतं. बटणं हाताळणाऱ्या कामगारांना ज्या मात्रा मिळाल्या त्या प्राणघातक नव्हत्या, पण त्या मिळायचंच कारण नव्हतं. ओतशाळावाले मित्र आज इथे आलेत, याचा मला म्हणूनच जास्त आनंद आहे. फाटकावर मीटर बसवायला जो खर्च येतो तो एका बिघडलेल्या भट्टीच्या खर्चासमोर काहीच नाही, हे त्यांनीच आपल्या धंद्यात सांगितलं तर पटेल. आमचं सरकारी पत्रक कोणी वाचत नाही.

भीतीचीही किंमत असते आणि ती रुग्ण मोजतो. रुग्णांच्या तपासण्यांसाठी जनरेटर नावाच्या भांड्यातून जाणाऱ्या मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास. जनरेटर एक दिवस कुठल्या गोदामात अडकला की जवळपास २२ टक्के माल नुसता बसून संपतो. पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत निम्मं. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी बोरघाटात अडकून साडेतीन तासांनी पोहोचली, तर भरलं त्याच्या पाव हिश्शाला थोडं वर उरतं. त्यात टोलनाक्यावर एखाद्या हवालदाराने पिवळी चिठ्ठी बघून गाडी बाजूला घेतली, वाहतूकदार पुढच्या वेळी "हा माल नको" म्हणाला, की सकाळपासून उपाशी बसलेल्या रुग्णाला उद्या या म्हणावं लागतं. हवालदाराचा दोष मी मानत नाही. त्याच्या हातात दिलेला कागद त्याला वाचता येत नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. आंतरराष्ट्रीय नियमांत एक कलम आहे. माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला लेखी सूचना द्यायच्या: माल कसा चढवायचा, कसा उतरवायचा, कोणत्या मार्गाने न्यायचा, अपघात झाला तर काय करायचं. आणि त्या सूचना वाहतूकदाराला किंवा संबंधित अधिकाऱ्यांना आवश्यक वाटतील त्या भाषांत द्यायच्या. व्हिएन्नात अणुऊर्जा संस्थेत बसलेल्या माणसांनी मराठीला जागा ठेवली होती हो! आपण ती भरली नाही. आपल्या मोटार वाहन नियमांतला नववा नियम धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण घ्यायला लावतो. ते तो घेतो, प्रमाणपत्र खिशात ठेवतो, आणि गाडीत मिळतं ट्रेमकार्ड, म्हणजे अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड, दोन्ही बाजूंनी इंग्रजी, बारीक टाइपात.

मी ज्या टेम्पोतून कित्येकदा माल पाठवला, त्याच्या ड्रायव्हरने पुढच्या काचेशी लिंबू-मिरची लावली होती आणि मागे वर्ग ७ चा फलक. मी एकदा चेष्टेने विचारलं, यातलं कशावर तुझा भरवसा? तो म्हणाला, "साहेब, लिंबू-मिरची मला समजते." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याच रात्री मी त्याच्यासाठी पाठकोऱ्या कागदावर मराठीत सात ओळी लिहून दिल्या. खोकं फुटलं तर हात लावू नको. वाऱ्याच्या दिशेने वर जा. लोकांना लांब ठेव. जखमी असेल तर आधी त्याला बघ, किरणोत्साराची काळजी नंतर. हा नंबर लाव. खोक्यावर यूएन २९१५ लिहिलंय, तेवढे चार आकडे फोनवर सांग. कोणी विचारलं तर सांग, हे कॅन्सरच्या दवाखान्याचं औषध आहे. तो कागद त्याने लॅमिनेट करून घेतला आणि टेम्पो विकेपर्यंत वापरला.

"वाऱ्याच्या दिशेने वर" हे माझं मराठी तेव्हाही वाईटच होतं. "वारा जिकडून येतो तिकडे जा" असं लिहायला हवं होतं, हे मला त्या ड्रायव्हरनेच सांगितलं. परिभाषा कोशांबद्दल मला आदर आहे, पण त्या कोशांतला "विमोचन" हा शब्द रात्री दोन वाजता घाटात कोणाच्या कामाचा नाही. "गळती" म्हणा. "आवेष्टन" या सभागृहात ठीक, गाडीत "खोकं" किंवा "पिंप" म्हणा. "बेकेरेल" आणि "सीव्हर्ट" ही माणसांची नावं आहेत, ती तशीच राहू द्या. आणि तीन पात्यांच्या चिन्हाला गाडीवाले "पंखा" म्हणतात, तर आपणही पंखा म्हणायला हरकत नाही. फक्त तो पंखा दिसला की काय करायचं, एवढं सांगायला विसरू नका.

दुपारी तीनच्या सत्रात मी दुसरं काही बोलणार नाही. तुमच्या संस्थेतून जे ट्रेमकार्ड गाडीत जातं त्याची एक प्रत बरोबर आणा. शेवटच्या रांगेतली मोठी टेबलं त्यासाठीच मांडली आहेत. बाहेर तुमच्या गाड्यांचे ड्रायव्हर चहा पीत उभे आहेत, त्यांनाही आत बोलवा आणि खुर्च्या द्या. मसुदा आपण लिहू, दुरुस्त्या त्यांना करू द्या.