आमची आई
(ट्रस्टच्या महोत्सवात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने गरजूंना खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या वापरावयास देण्याचे काम सुरू केले, तेव्हा पहिल्या काही खुर्च्यांपैकी एक कोटरा सुल्तानाबादेत आमच्या घरी आली. म्हणून आईविषयी चार शब्द बोलावे, अशी चालकांची इच्छा झाली. आम्ही तिघे भावंडे. बोलणारा एक असला तरी बोलणे तिघांचे आहे. गेलेल्या आईला लोक देवी करून टाकतात. आमची आई देवी नव्हती. पत्ते खेळताना ती सर्रास लबाडी करी.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्यप्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी नागपुराहून भोपाळला आली. तिच्या मागोमाग सचिवालयातील मराठी कारकुनांचे संसारही आले. त्यांत आमचे वडील होते, आणि नुकतीच लग्न झालेली आई होती. तिचे हिंदी शेवटपर्यंत अर्धे नागपुरीच राहिले, पण सगळ्या गल्लीला ते समजे.

1968 च्या हिवाळ्यात तिची बोटे सुजू लागली. वय अवघे चौतीस. निर्गुडीचा शेक झाला, तेले झाली. अखेर डॉक्टरांनी निदान केले, ऱ्हूमॅटॉइड संधिवात. म्हातारपणी गुडघे झिजतात तसला हा आजार नव्हे. रोगाशी झुंजणारी शरीराची शक्तीच वाट चुकते आणि सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांच्या वाट्याला तो अधिक येतो. आजची औषधे तेव्हा नव्हती. ॲस्पिरिन, स्टेरॉइड आणि सोन्याच्या क्षाराची इंजेक्शने, एवढाच आधार. आई शेजारणींना सांगे, "तुमचं सोनं अंगावर, माझं अंगात. मला चोराची भीती नाही!"

सकाळी तास-दीड तास सांधे आखडलेले असत. "मी उठले आहे, बोटं अजून झोपली आहेत," असे म्हणून ती तेवढ्या वेळात आमच्याकडून पाढे म्हणवून घेई. आनंदी होती म्हणजे तिला दुखत नव्हते, असे मात्र कुणी समजू नये. रात्री ती कण्हत असे आणि आम्ही ऐकत असू.

1980 नंतर चालणे थांबले. खाट खिडकीशी आली. आम्ही मायेने, खरे सांगायचे तर भीतीने, तिच्या हातातले एकेक काम काढून घेतले. आधी पोळपाट गेला, मग विळी, शेवटी किराण्याचा हिशेबसुद्धा. "तुला त्रास होईल" म्हणून हळदीकुंकवाला नेणे बंद केले. ती हसे आणि गप्प बसे. त्या हसण्याचा आम्ही आपल्या सोयीचा अर्थ लावला.

मग 1984 साल आले. 2 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. आमची वस्ती दूर, वारा जुन्या शहराकडे वाहणारा, आम्ही वाचलो. पुढे, टाकीत उरलेले रसायन संपविण्यासाठी 16 डिसेंबरपासून कारखाना पुन्हा चालणार असे जाहीर झाले. हेलिकॉप्टरांतून पाणी शिंपडू, भय नाही, असे सरकार सांगत होते. विश्वास कोण ठेवणार? लोक शहर सोडून निघाले. स्टेशनवर पाय ठेवावयास जागा नव्हती. तेथे आईला न्यावे कसे? तीच म्हणाली, "लेकरांना घेऊन नागपूरला जा. मी नि हे राहतो."

आणि आम्ही गेलो. हे वाक्य आजही आमच्या तोंडून सहज निघत नाही.

आठ दिवसांनी धास्तावून परतलो. आई उशीला टेकून बसलेली, पदराला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा! गल्लीतल्या चौदा घरांनी जाताना किल्ल्या तिच्याकडे दिल्या होत्या. कुठेही न जाणारे खात्रीचे माणूस तेवढे एकच होते ना! शेजारच्या खालांचा पोपटही पिंजऱ्यासकट खाटेपाशी. दिवसातून दोनदा ती वडिलांना कुलपे ओढून पाहावयास पाठवी. बिचारे अगदी थकून गेले होते. आम्हांला म्हणाली, "किती वर्षांनी कुणी मला काही सांभाळायला दिलं!"

तक्रारीचा सूर नव्हता. आमच्या माना मात्र खाली गेल्या. दुसऱ्याच दिवशी किराण्याची वही तिच्या उशाशी ठेवली.

लोक किल्ल्या घेऊन गेले, पण सवय राहिली. कुणी लग्नाला निघाला की किल्ली आईपाशी. वडिलांनी खिडकीच्या चौकटीत खिळे ठोकले. 1986 च्या संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्याच घरी झाले. बोट वळेना, तर काडीला कापूस गुंडाळून तिने कुंकू लावले. खालाही तिळगूळ खाऊन गेल्या. आपली खुर्ची आली, आणि त्या पावसाळ्यात भदभद्याचे दरवाजे उघडलेले पाहावयास तिला नेले. तुषारांनी चिंब भिजली, दुसऱ्या दिवशी ताप आला. आम्ही रागावलो. तिने विचारले, "पुन्हा कधी न्याल?"

1998 साली ती गेली. खुर्ची आम्ही ट्रस्टला परत केली. खिळ्यांवर नऊ किल्ल्या होत्या. तेराव्यानंतर घरोघर पोचवावयास निघालो. आठ घरांनी आपापली ओळखून घेतली. खालांनी हात पुढे केला नाही. "टंगी रहने दो," एवढेच म्हणाल्या.

ती किल्ली अजून तिथेच आहे.