मुंगी, चप्पल आणि कॅल्क्युलस



'हे तर आमच्या पूर्वजांनी आधीच शोधलं होतं,' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. कॅल्क्युलसबद्दलही तसे फॉरवर्ड येतात. आज त्या पूर्वजांबद्दलच बोलू, पण जे घडलं तेवढंच.

नवव्या शतकातलं इराक. बसऱ्याचे अबू अल-हुझैल आणि त्यांचे शिष्य अन-नझ्झाम, दोघेही मुअतझिला विचारवंत. गुरूंचं मत असं की, वस्तूचे तुकडे करत गेलं तर शेवटी न तुटणारा कण उरतो. शिष्याला ते पटेना. कितीही लहान तुकडा घ्या, त्याचा अर्धा होतोच, असं तो म्हणे. मग त्याला विचारलं गेलं : मुंगी चपलेच्या या टोकापासून त्या टोकाला जाते. आधी अर्धं अंतर, मग उरलेल्याचं अर्धं, असे टप्पे संपतच नसतील तर ती पोहोचते कशी? नझ्झामचं उत्तर होतं 'तफ्रा', म्हणजे उडी. मधल्या काही जागांना न शिवताच ती पुढे जाते! त्याच्यावर खूप टीका झाली. ग्रीसच्या झेनोनेही असाच पेच सुमारे १३०० वर्षं आधी टाकला होता.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे ही उडी रोज घडते. गेममधला चेंडू सेकंदाला साधारण ६० वेगवेगळ्या चित्रांत दिसतो. वेग फार असेल तर एका चित्रात तो भिंतीच्या अलीकडे असतो, पुढच्या चित्रात पलीकडे. मध्ये तो भिंतीला लागलेलाच नसतो! त्यासाठी वेगळी तपासणी लिहावी लागते.

पुढे बसऱ्यातच जन्मलेल्या इब्न अल-हैथमने पॅराबोला त्याच्या अक्षाला लंब असलेल्या रेषेभोवती फिरवून होणाऱ्या घनाकृतीचं घनफळ काढलं. ते बाहेरच्या सिलिंडरच्या ८/१५ भरतं. त्याने आकृतीचे पातळ काप केले आणि त्यासाठी चौथ्या घातांची बेरीजही काढली. काम अफाट आहे. पण ते कॅल्क्युलस नव्हे. कुठल्याही वक्राला लागू पडेल अशी पद्धत त्यात नाही. वेग काढणं आणि वेगावरून अंतर काढणं या एकमेकींच्या उलट क्रिया आहेत, यावर उभी राहिलेली सर्वसाधारण पद्धत सतराव्या शतकात न्यूटन आणि लाइबनिट्झ यांनी दिली.

तरी पाया कच्चाच होता. १७३४मध्ये बर्कली या धर्मगुरूने विचारलं, की ही अतिसूक्ष्म राशी भागाकार करताना शून्य नसते आणि नंतर शून्य म्हणून टाकून देता, हे कसं? आक्षेप बरोबर होता. १८२१मध्ये कोशीने आणि नंतर वायरस्ट्रासने 'सीमा' या कल्पनेने त्याला उत्तर दिलं. अर्धा, पाव, अर्धपाव अशी न संपणारी बेरीज नेमकी एक भरते. मुंगी उडी न मारता पोहोचते.

बसऱ्यातल्या प्रश्नाला पक्कं उत्तर मिळायला जवळपास हजार वर्षं लागली. नझ्झामचं उत्तर टिकलं नाही. पण शिष्य गुरूंशी असहमत होऊ शकला आणि तो वाद लोकांनी लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे. मला अभिमान वाटतो तो याचा.

पुढचा फॉरवर्ड आला की दोनच गोष्टी विचारा : त्यांनी नेमकं काय सिद्ध केलं? आणि काय बाकी राहिलं? घरातलं मूल 'पण असं का?' म्हणालं, तर त्याला गप्प करू नका.